मण्यावरचं मेण आणि बेदाणा: साल न फाडता पाणी बाहेर कसं काढायचं?

येरळाकाठ (तासगाव)

खायच्या द्राक्षावर ती पांढरट पावडर शाबूत असली की भाव मिळतो. तेच द्राक्ष बेदाण्याला घेतलं की ती पावडर आडवी येते. ही पावडर म्हणजे मेण. डिपिंगच्या, म्हणजे वाळवण्याआधी घड ज्या द्रावणात बुडवतात त्याच्या मात्रांवर दर हंगामात भरपूर बोलणं होतं, पण ते द्रावण सालीला नेमकं काय करतं यावर कमी. माल बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच, म्हणून हा धागा.

आधी आकडे बघू. १७ मिलिमीटर व्यासाचा मणी साधारण पावणेतीन ग्रॅमचा. त्यात दोन ग्रॅमहून जास्त पाणी. त्यावरचं मेण दर चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे अख्ख्या मण्यावर मिळून जेमतेम १ मिलिग्रॅम. एवढंसं मेण दोन ग्रॅम पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवतं. पिकलेल्या मण्याच्या सालीवर चालू रंध्रं जवळपास नसतातच, त्यामुळे पानासारखी वाफ सोडायची सोय मण्याला नाही. जे पाणी जाईल ते या मेणातून वाट काढत किंवा थोडंफार देठाच्या बाजूने.

मेण म्हणजे एकसंध लेप नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली ते कौलारू छपरासारखं दिसतं, पापुद्र्यावर पापुद्रा चढलेला. त्यात सुमारे दोन तृतीयांश भाग ओलिॲनोलिक आम्लाचा, तो कडक. उरलेला मऊ भाग लांब साखळीच्या अल्कोहोलांचा आणि तत्सम पदार्थांचा. पाणी अडवायचं खरं काम हा मऊ भाग करतो.

डिपिंग ऑइल म्हणजे मुख्यतः इथाईल ओलिएट. ते या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि मेणाला पाणी चालेल असं करतं. पोटॅशियम कार्बोनेट त्याला साथ देतं. मेण निघून जात नाही, साल फाटत नाही. फक्त वाट मोकळी होते. ही युक्ती आजची नाही. भूमध्य समुद्राकाठी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्ह तेल एकत्र करून त्यात घड बुडवायची रीत रोमन काळापासून आहे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट, तेलात ओलिक आम्ल. आपण तेच मोजून मापून करतो.

प्रमाण आणि क्रम (१०० लिटर पाण्यासाठी):

पोटॅशियम कार्बोनेट २.५ किलो, डिपिंग ऑइल १.५ लिटर. आधी पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट पूर्ण विरघळवा, तळाशी खडा राहता कामा नये. मग ढवळत ढवळत तेल बारीक धारेने सोडा. पाणी दुधाळ व्हायला हवं. वर तेलाचे चकते तरंगत असतील तर द्रावण जमलेलं नाही, त्यात घड घालू नका. सामू (pH) ११ च्या आसपास. घड क्रेटसकट २ ते ४ मिनिटं बुडवायचे, मध्ये एकदा हलवायचे म्हणजे घडाच्या पोटात अडकलेली हवा निघते. मग निथळून जाळीवर एकाच थरात.

चुकीची सुरुवात बहुतेक वेळा इथे होते: धूळ धुतलेले घड न निथळता तसेच द्रावणात जातात. प्रत्येक क्रेटबरोबर थोडं थोडं पाणी आत येतं आणि दुपारपर्यंत मात्रा पातळ झालेली असते. फुटक्या मण्यांचा रस आंबट, तो सामू खाली ओढतो. सामूपट्टीची डबी टाकीशेजारीच ठेवा. द्रावण गढूळ आणि चिकट झालं की तेल वाढवत बसू नका, टाकी रिकामी करा.

---

सवाळजचा माळ

दादा, उत्तम मांडलंत. एक साधी तपासणी जोडतो. डिपिंग नीट बसलं का हे बघायला न बुडवलेला आणि बुडवून वाळलेला असे दोन मणी हातात घ्या, दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. पहिल्यावर थेंब गोळा होऊन घरंगळतो. दुसऱ्यावर पसरतो. दुसऱ्यावरही गोळाच राहिला तर वेळ कमी पडली किंवा द्रावण मेलंय.

घड दाट असेल तर आतले मणीही तपासा. बाहेरचे मणी १२ दिवसांत वाळतात आणि आतले हिरवट मऊ राहतात, ते आत द्रावण न पोचल्यामुळे.

---

जत पूर्व

पाणी कमी आणि खारं असलेल्या आमच्या भागासाठी विचारतो. बोअरचं पाणी जड असेल तर पोटॅशियम कार्बोनेट वाढवावं का? पाण्यातला चुना ते खाऊन टाकतो असं दुकानात सांगतात. आणि स्वस्तात कॉस्टिक सोडा वापरला तर?

---

मिरज रसायन

दोन्ही प्रश्न वेगळे, वेगळी उत्तरं.

चुना पोटॅशियम कार्बोनेट खातो हे खरं. पण किती? समजा पाण्याचा जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चांगलंच जड. १०० लिटरमध्ये ५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका चुना झाला. तो बसवायला पोटॅशियम कार्बोनेट लागतं ६९ ग्रॅम. तुम्ही टाकताय २५०० ग्रॅम. तीन टक्केसुद्धा गेलं नाही. तेव्हा मात्रा वाढवायचं कारण नाही.

जड पाण्याचा खरा त्रास तेलाला होतो. तेलातलं मोकळं ओलिक आम्ल चुन्याबरोबर न विरघळणारा साबण बनवतं. कपडे धुताना जड पाण्यात फेस येत नाही आणि पांढरी साय धरते, तीच गोष्ट. दुधाळपणा फुटतो, तेल वर येतं, घडांवर पांढरे ठिपके बसतात. उपाय असा: पोटॅशियम कार्बोनेट आदल्या संध्याकाळी विरघळवून ठेवा. चुना रात्रभरात तळाशी बसतो. सकाळी वरचं नितळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि मगच तेल सोडा. याला एक टाकी जास्त लागते, पैसे लागत नाहीत.

कॉस्टिकचं स्पष्ट सांगतो, वापरू नका. गरम कॉस्टिकमध्ये काही सेकंद बुडवून वाळवायची पद्धत जगात आहे, ०.२ ते ०.३ टक्क्यांचं जवळजवळ उकळतं द्रावण असतं. पण ती सालीला बारीक तडे पाडून काम करते. माल लगेच धुवायला लागतो आणि यंत्रात गरम हवेने वाळवायला लागतो. आपल्या शेडवर, म्हणजे जाळीच्या कप्प्यांच्या मांडवात, उघड्या वाऱ्यात तडकलेली साल म्हणजे रस पाझरणार, मणी एकमेकांना चिकटणार, धूळ बसणार, मुंग्या आणि माश्या येणार. शिवाय तडा गेला की सालीतलं विकर (एन्झाइम) हवेशी गाठ पडताच रस तपकिरी करतं. सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तेच. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली सालीवर जाळीदार रेघा दिसल्या तर समजा साल फाटली.

---

येरळाकाठ

+१. तपकिरी रंगावर आणखी एक. विकर सालीखालच्या पेशींतच असतं, मणी जितके दिवस अर्धवट ओला राहील तितके दिवस त्याला काम मिळतं. म्हणून न बुडवलेला माल तीन-चार आठवडे घेतो आणि काळपट होतो. बुडवलेला १२ ते १८ दिवसांत उतरतो आणि हिरवा-पिवळा राहतो. रंग टिकवणं म्हणजे वेग टिकवणं. थेट ऊन दिलं तर वेग वाढेल असं वाटतं, पण उन्हात मणी तापतो, विकर आणखी जोमाने काम करतं. म्हणून सावली आणि वारा, दोन्ही एकदम हवेत. शेडची लांबी वाऱ्याच्या आडवी असली की वारा दोन्ही बाजूंनी मोकळा फिरतो. खालचे कप्पे कायम मागे राहतात, तिथे घड विरळ ठेवा.

---

कृष्णामाई

घड कधी तोडायचा यावर कुणीच बोललं नाही. घाईने तोडलेल्या मालाची साल पातळ आणि कोवळी असते आणि आत भरीव काही नसतं. हिशेब सोपा आहे. बेदाण्यात १५ टक्के ओल ठेवायची, म्हणजे ८५ टक्के घन पदार्थ. गोडी १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) असेल तर १ किलो बेदाण्याला पावणेपाच किलो द्राक्षं लागतात. २२ ब्रिक्सला ३ किलो ९०० ग्रॅमच्या आत. २४ ला साडेतीन. एका टनामागे १८ ब्रिक्सवर २१२ किलो आणि २२ ब्रिक्सवर २५९ किलो. ४७ किलोंचा फरक, आणि त्यासाठी लागतात फक्त थांबायचे दिवस. शिवाय कमी गोडीचा मणी वाळला की साल खोल सुरकुतते आणि दाणा हलका दिसतो. रिफ्रॅक्टोमीटरने (गोडी मोजायच्या यंत्राने) घडाच्या टोकाचे, मधले आणि खांद्याचे मणी वेगवेगळे तपासा. टोकाचा मणी सगळ्यात मागे असतो, त्याच्यावर ठरवा.

---

सवाळजचा माळ

> साल पातळ आणि कोवळी

ताई, उलटही होतं. मणी फुगवायला संजीवकं जास्त झाली, विशेषतः सीपीपीयू, तर साल जाड होते आणि पाणी सोडायला वेळ लावते. खायच्या द्राक्षासाठी फुगवलेला प्लॉट भाव पडला म्हणून शेडवर चढवला की हे हमखास दिसतं. वर मणी मोठा. २० मिलिमीटरच्या मण्यापेक्षा १६ मिलिमीटरच्या मण्याला दर ग्रॅममागे सव्वापट साल मिळते, तेवढा तो लवकर वाळतो. सोनाकासारखा लांबट मणी त्याच वजनाच्या गोल मण्यापेक्षा फायद्यात असतो. थॉमसन, किंवा थॉमसनमधूनच आपल्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडलेली तास-ए-गणेश, बेदाण्याला राखून ठेवायची असेल तर फुगवणीचा हव्यास पहिल्यापासून आवरा.

भुरीचे (पांढऱ्या बुरशीच्या रोगाचे) डाग पडलेले मणी वेगळे काढा. डागाखालची साल खरबरीत होते, ताणत नाही, मणी तिथेच तडकतो.

---

माणदेशी (म्हसवड)

विषय द्राक्षाचा आहे, पण मेण सगळ्यांनाच असतं. थोडं आडवाटेने जातो.

रब्बी ज्वारीच्या ताटावर, पानाच्या म्यानावर बोट फिरवा, पांढरी भुकटी हाताला लागते. तेही मेणच. ज्वारीत ते इतकं दाट असतं की हे मेण नसलेले वाण त्याच रानात जास्त पाणी गमावतात. माण, खटाव, जत, आटपाडीत मालदांडी ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर उभी राहते, त्यात मुळांबरोबर या भुकटीचाही वाटा आहे. उसाच्या कांडीवर पेऱ्याखाली पांढरा पट्टा असतो, तेही तेच. कारखान्यात ते मेण मळीच्या ढेपेत, म्हणजे प्रेसमडमध्ये जातं.

आता गंमत बघा. साठवणीच्या ज्वारीत राख मिसळायची आपली पद्धत. सोंडे किड्याच्या अंगावरही मेणाचा पातळ थर असतो, त्याच्या देहातलं पाणी तोच राखतो. राखेचे कण तो थर खरवडतात आणि शोषून घेतात, मग किडा वाळून मरतो. राख विष नाही, ती किड्याचा बेदाणा करते. यावरून वापराचे नियम आपोआप कळतात. राख चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी, कारण ओली राख मेण शोषत नाही. दाणा कडक वाळलेला हवा, दाताखाली टक्कन फुटणारा. दमट दाण्यात किड्याला पाणी मिळत राहतं आणि तो गेलेलं भरून काढतो. नुसती वर भुरभुरवून भागत नाही, थर देऊन खालीवर कालवायला लागते. लाकडाची किंवा गोवरीची राख चालते, प्लास्टिक-रंगीत कागद जळलेल्या चुलीची नको. आणि दाण्याच्या आत अंडं घातलेलं असेल तर राख तिथे पोचत नाही, म्हणून सुरुवातीलाच मिसळायची, कीड दिसल्यावर नव्हे.

---

मिरज रसायन

माणदेशी, हा संबंध फार चांगला जोडलात. यंत्रणा दोन्हीकडे एकच: पाणी राखणारा थर मोडला की देह वाळतो. डायॅटोमाइटची माती (सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची भुकटी) धान्यात वापरतात तीही याच तत्त्वावर.

---

वाई पाचवड

अंड्याचंही टाका यात. कवचावर ७ हजारांपासून १७ हजारांपर्यंत छिद्रं असतात आणि ती एका पातळ पापुद्र्याने झाकलेली असतात. अंडं घातल्याबरोबर ओलसर दिसतं ते यामुळे, नंतर तो वाळून बसतो. गावरान अंडी बाजारात न्यायच्या आधी घासून धुतात, ते चुकीचं. पापुद्रा जातो, ओल उडते, आणि पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला बलक-पांढरा आकसून बाहेरची घाण छिद्रातून आत ओढली जाते. घाण असेल तर कोरड्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने काढा. धुवायचंच असेल तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने, आणि त्याच दिवशी वापरायला.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचं उलट. मेण नावापुरतं, साल नावापुरती, आणि ज्यांना आपण बिया म्हणतो ती बाहेर चिकटलेली खरी फळं. म्हणून पहाटे तोडणी, उन्हाआधी सावलीत, आणि तोडल्यावर पाणी नाही. तिला कसलंच संरक्षण नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

---

जत पूर्व

मिरज रसायन, रात्रभर निवळायची कल्पना पटली. आता अवकाळीचं सांगा. मार्च-एप्रिलात ढग आले की पाचव्या-सहाव्या दिवसाचा माल शेडवर असतो.

---

येरळाकाठ

डिपिंगचा परिणाम कायमचा नसतो. पावसाचं पाणी मण्यांवरून वाहिलं तर तेल आणि पोटॅशियम कार्बोनेट धुऊन जातं, मेण पुन्हा पहिल्यासारखं बंद होतं आणि वाळण्याचा वेग पडतो. म्हणून:

बाजूचे पडदे पाऊस येण्याआधी सोडायचे आणि थांबल्याबरोबर उचलायचे. रात्रभर पडदे बंद ठेवले की आतली वाफ आतच राहते, बुरशीला तेच हवं असतं. माल खरंच भिजला असेल तर आधी वाऱ्याने पृष्ठभाग कोरडा होऊ द्या, मग निम्म्या मात्रेचं द्रावण, म्हणजे १०० लिटरला १.२५ किलो आणि ७५० मिली, बारीक फवाऱ्याने द्या. ओल्या मण्यावर फवारलं तर ते खाली ठिबकून जातं. तडकलेले, काळे पडलेले, वास येणारे घड त्याच दिवशी उतरवा. एक कुजका घड आजूबाजूचे चार घेऊन जातो.

पाऊस नसला तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी अशी एक हलकी फवारणी फायद्याची, कारण मणी आकसला की सालीच्या नव्या घड्या वर येतात आणि घडाच्या आत पहिल्यांदा नीट न भिजलेला भाग मोकळा होतो.

---

कृष्णामाई

उतरवण्याची वेळ: दुपारी बारा ते चार. देठ तेव्हा कडक असतात, जाळी झाडली की टक्कन तुटतात. पहाटे दवाने देठ मऊ होतात, वाकतात, तुटत नाहीत, आणि ओढून काढताना मण्याची साल देठाजवळ फाटते. तीच जागा मग साठवणीत चिकट होते.

ओल तपासायला मूठभर बेदाणा घट्ट दाबून सोडा. गोळा होऊन लगेच मोकळा झाला तर १५-१६ टक्क्यांच्या जवळ आहे. गोळा तसाच राहिला तर अजून एक-दोन दिवस. दाणा दाबल्यावर कडकडत असेल तर जास्त वाळलाय, वजन गेलं.

गंधकाची धुरी देणाऱ्यांसाठी: वायू ओल्या सालीतून आत जातो, खडखडीत वाळलेल्या सालीतून नाही. म्हणून कोरड्या मालावर गंधक वाढवून रंग येत नाही, फक्त वास राहतो. पाण्याचा हलका हात मारून मग धुरी. ताडपत्री उघडताना वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा, वाफ तोंडावर घेऊ नका. दमा असलेल्या माणसाला या कामावर लावूच नका.

---

वाई पाचवड

कोल्ड स्टोअरेजमधून काढलेल्या बेदाण्यावर पांढरं येतं, ते मेण की बुरशी?

---

सवाळजचा माळ

बहुतेक वेळा दोन्ही नाही. साखर. ओल जास्त ठेवलेल्या किंवा साल चिरलेल्या दाण्यातलं ग्लुकोज सालीवर आणि सालीखाली स्फटिक धरतं. ओळखायची रीत: चार दाणे कोमट पाण्यात एक मिनिट बुडवा. साखर विरघळून जाते. बुरशी तंतूसारखी राहते आणि कुबट वास देते, तो माल बाजूला काढा. साखरेचा माल खायला चांगला असतो, पण सौद्यात भाव पाडतो. ४ ते ५ अंशांवर ठेवायचं आणि बाहेर काढल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. गार दाण्यावर बाहेरची वाफ धरते आणि साल चिकट होते. पेटी बंद ठेवूनच बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या, १५ किलोच्या पेटीला रात्रभर तरी वेळ लागतो.